नागली, रेशनचा तांदूळ आणि लाल गोळी

2013-14 साली केंद्र सरकारने नागलीला, म्हणजे नाचणीला, क्विंटलमागे 1500 रुपये हमीभाव जाहीर केला होता आणि साध्या भाताला 1310. 2024-25 साली नागली 4290 वर पोचली आणि भात 2300 वर. हमीभाव शेतकऱ्याच्या हातात पडतोच असं नाही, पण वारं कुठून कुठे वाहतंय ते त्यातून कळतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर परिसरात लोक काय खातात आणि त्याचं तब्येतीवर वीस-तीस वर्षांनी काय होतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात व्हिटॅमिनांपेक्षा या भावांपासून केलेली बरी. उतारावर पिकवलेली नागली महागली आणि जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशनचं धान्य फुकट झालं. घर चालवणारी बाई हिशेबाला पक्की असते. नागली विकायची, तांदूळ शिजवायचा. यात अडाणीपणा नाही, की परंपरेचा विसरही नाही.

राजूर हे तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं बाजाराचं गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे, डांगी जनावरांचं प्रदर्शन इथे भरतं, आणि भंडारदऱ्याहून परतणारे पर्यटक इथले पेढे बांधून घेतात. इथून पुढे पश्चिमेला पाऊस पावलागणिक वाढत जातो. घाटघरला भर पावसाळ्यात थोड्या दिवसांत जेवढा पडतो तेवढा जिल्ह्याच्या पूर्वेकडल्या तालुक्यांना वर्षभरात मिळत नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची इथली शेती या पावसाला धरून बसलेली. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत एका साली नागली, पुढच्या साली वरई, मग खुरासणी (कारळे), आणि त्यानंतर जमीन पडीक टाकायची. राब भाजायचा, रोप टाकायचं, भर पावसात उतारावर वाकून लावणी करायची. नागली मागे पडण्याचं एक कारण हे कष्टही आहेत. शहरात बसून ‘पारंपरिक अन्नाकडे वळा’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नागलीची लावणी केलेली असते.

या नागलीत असं आहे तरी काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले. त्यांत 100 ग्रॅम नागलीत 364 मिलीग्रॅम कॅल्शियम, सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास तंतू आणि साडेचार मिलीग्रॅमहून थोडं जास्त लोह दिलंय. गिरणीतून सडून आलेल्या पांढऱ्या तांदळात कॅल्शियम साडेसात मिलीग्रॅम, तंतू तीन ग्रॅमपेक्षा कमी आणि लोह एक मिलीग्रॅमही नाही. गाईच्या 100 ग्रॅम दुधात कॅल्शियम साधारण 120 मिलीग्रॅम धरतात. म्हणून ‘नागलीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. ते खरं आहे, पण कोरड्या पिठाची पातळ दुधाशी केलेली ही तुलना आहे. हिशेब भाकरीवर मांडला तर जास्त कळतं. एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरीमागे सव्वादोनशे ते अडीचशे मिलीग्रॅम कॅल्शियम. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलीग्रॅम हवं असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन भाकऱ्या खाणाऱ्या घरात, जिथे डांगी गाय दूध बेताचंच देते, तिथे कागदावर तरी कॅल्शियमची गरज नागलीवरच जवळजवळ भागत होती.

‘कागदावर’ म्हटलं, कारण तक्त्यातलं सगळं रक्तात उतरत नाही. नागलीच्या लालसर सालीत फायटिक आम्ल, टॅनिन, ऑक्झॅलेट अशी द्रव्यं असतात, आणि ती लोह-कॅल्शियमला धरून ठेवतात. पण त्याच सालीत तंतू असतात आणि तिच्यामुळेच नागली सावकाश पचते. गंमत म्हणजे ही साल काढताच येत नाही. नागलीचं बी मोहरीएवढं, टरफल आतल्या गराला असं चिकटलेलं की तांदळासारखं सडून काढायला गेलं तर दाण्याचा चुराच व्हायचा. त्यामुळे नागली खाणारा माणूस न ठरवताही अख्खं धान्य खातो. तांदळाचं नशीब वेगळं. उखळ-मुसळ होतं तोवर त्याच्या अंगावर थोडा कोंडा राहायचा, गिरणी आली आणि तो पांढराशुभ्र झाला. जावा बेटावर 1890 च्या दशकात डच डॉक्टर आइकमन यांना कोंडा काढलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना दिसले आणि कोंड्यातल्या ब-1 जीवनसत्त्वाचा माग तिथून लागला. 1929 साली त्याबद्दल नोबेल मिळालं.

सालीतल्या फायटिक आम्लावर घरचा उपाय जुनाच आहे: नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, जरा भाजून दळायची. मोड येताना बियाण्यातली विकरं जागी होतात, फायटिक आम्ल मोडतं आणि लोहाची वाट थोडी मोकळी होते. दुसरा फायदा त्याहून महत्त्वाचा. लहान मुलाचं पोट मुठीएवढं. साध्या पिठाची पेज घट्ट झाली की ते गिळत नाही, पातळ केली की पोटात पाणीच जास्त जातं. मोड आणलेल्या नागलीच्या चमचाभर पिठात स्टार्च फोडणारी विकरं भरपूर असतात. ते घट्ट पेजेत ढवळलं की बघताबघता पेज सैल होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि मूल ते पिऊ शकतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात हे प्रयोगशाळेत नीट मोजून दाखवलं. नागलीच्या सत्त्वाला आपल्याकडे जे एवढं महत्त्व आहे ते उगाच नाही. फक्त डब्यातल्या तयार सत्त्वात निम्मी साखर नाही ना, तेवढं बघावं.

इथवर वाचून नागली म्हणजे अमृतच असं वाटायला लागलं असेल, तर ज्वारीची एक गोष्ट सांगायला हवी. ज्वारीही गुणी धान्य. पण दख्खनच्या पठारावर जिथे गरिबांच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नसायचं, तिथे पेलाग्रा नावाचा रोग दिसायचा. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, पुढे डोक्यावर परिणाम. पेलाग्रा हा मक्यावर जगणाऱ्यांचा रोग म्हणून जगात ओळखला जाई. हैदराबादचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली तो ज्वारी खाणाऱ्यांतही असल्याचं मांडलं आणि ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाकडे बोट दाखवलं. नेमकं कारण काय यावर पुढे बराच वाद झाला. वादाच्या पलीकडची गोष्ट अशी की ज्या घरात भाकरीबरोबर डाळ, ताक, दूध, थोडंफार मांस होतं, त्या घरात हा रोग फिरकत नसे. पुढे लोकांच्या ताटात तांदूळ-गहू आले, जेवणात विविधता आली, आणि रोग दिसेनासा होत गेला. म्हणजे आज ज्या तांदळाला आपण नावं ठेवतोय त्यानेही कुणाचं तरी भलं केलंय.

कुठलंही अन्न बरं की वाईट हे त्याच्या शेजारी ताटात काय वाढलंय आणि ते कशाच्या जागी आलंय, यावर ठरतं. राजूरच्या वरच्या गावांतलं जुनं जेवण या दृष्टीने बघितलं की नुसती नागली दिसत नाही. भाकरीसोबत हुलग्याचं किंवा वालाचं कालवण असायचं. धान्यात लायसीन कमी आणि कडधान्यात भरपूर, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनं पुरी पडायची. खुरासणीची चटणी आणि घाण्याचं तेल असायचं. खुरासणीच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, तर आज दुकानातून पिशवीत येणाऱ्या पामतेलात चाळीस टक्क्यांहून जास्त पामिटिक आम्ल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी. खुरासणीच्या तेलाला औषध म्हणायची गरज नाही, सूर्यफुलाचं तेलही जवळपास त्याच जातीचं. पण ते पामतेलाच्या जागी असणं हृदयाला बरं. पहिल्या पावसाबरोबर खेकडे मिळायचे, ओढ्यातले मासे मिळायचे. कुरडू, भारंगी, चाईचा बार, करटुली, आळिंब अशा रानभाज्या तर अगदी त्याच महिन्यांत येतात ज्या महिन्यांत कणगी रिकामी होत आलेली असते. आषाढ-श्रावणातली ती उपासमार खरी होती आणि तिला कुणी सोनेरी काळ म्हणू नये. त्या काळी रक्तातलं लोह कुणी मोजत नव्हतं, आणि बाळंतपणात बायका आजच्यापेक्षा कितीतरी जास्त दगावत होत्या.

ही विविधता जपणाऱ्या बाई याच तालुक्यातल्या. कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे शाळेत कधी गेल्या नाहीत. 2018 साली बीबीसीने त्यांचं नाव जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत घातलं आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. काळभात, नागली, वरई, आणि वाल-घेवड्याचे तर इतके वाण की एकाच्या शेंगेशी दुसऱ्याची शेंग जुळत नाही. घरातली मुलं वारंवार आजारी पडायला लागली, ती संकरित बियाण्यांच्या आणि फवारणीच्या भाज्यांमुळे, असं त्यांना वाटलं आणि कामाला तिथून सुरुवात झाली, असं त्या सांगतात. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून इथे एक फरक करायला हवा. फवारणीच्या अवशेषांची धास्ती रास्त आहे. बियाणं संकरित आहे एवढ्यावरून मात्र भाजी रोगट ठरत नाही. तसा पुरावा नाही. राहीबाईंच्या कामाचं पोषणमूल्य माझ्या मते दुसरीकडेच आहे. परसबागेत बारा महिने काहीतरी वेलीवर असतं. पैसा नसलेल्या दिवशीही कालवण होतं. बाजारातून भाजी आणायची तर कांदा-बटाट्यावर भागवलं जातं; दारच्या वेलावरची शेंग फुकट म्हणून खाल्ली जाते. एका घराच्या ताटात वर्षभरात किती तऱ्हेच्या भाज्या-शेंगा येतात, यावर पोषण, बियाणं गावरान की संकरित यापेक्षा, जास्त अवलंबून असतं.

आता उलट बाजू. ताटातून नागली, हुलगा, खुरासणी उठली आणि त्यांच्या जागी काय बसलं? मुख्यतः तांदूळ. दिवाळीनंतर कामासाठी नारायणगावच्या बाजूला उतरणाऱ्या मजूर कुटुंबाच्या चुलीवर तांदूळ, बटाटा, पाकिटातलं तिखट आणि पामतेल यांखेरीज फार काही चढत नाही. दोन्ही वेळा भात, वर पातळ वरण. डोंगर चढून-उतरून राबणाऱ्या शरीराने हे बरीच वर्षं निभावून नेलं. पण पोरगा बारावी होऊन दुकानात बसला, रिक्षा चालवायला लागला, मोटारसायकलवर फिरायला लागला की भाताचा डोंगर तेवढाच राहतो आणि पायाखालचा डोंगर जातो. ‘प्युअर’ नावाच्या 21 देशांतल्या पाहणीत 1,32,373 माणसांचा सरासरी साडेनऊ वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला 450 ग्रॅमहून जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांना 150 ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांपेक्षा मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि हा फरक सगळ्यांत ठळक दिसला तो दक्षिण आशियात. 450 ग्रॅम भात म्हणजे फार नाही. मजुराच्या एका जेवणातही तेवढा सहज होतो.

दक्षिण आशियातच का, याचं उत्तर पुण्याने बरंचसं दिलंय. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतःच सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोच्या. पुण्याची बाळं सगळ्या मापांत लहान होती, हातापायाचं मांस कमी होतं, पण पाठीवरच्या चिमटीत सापडणारी चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. अंगाने किडकिडीत आणि आतून चरबीदार. याज्ञिकांचं आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के, युडकिन यांच्यात 9.1. आपल्याकडे बारीक माणसालाही साखर कशी लागते, याचं इतकं बोलकं चित्र दुसरं नसेल. त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात आई किती उष्मांक खाते यापेक्षा ती हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते, याचा बाळाच्या आकाराशी जास्त जवळचा संबंध होता.

मग गोळी घेऊन ही उणीव भरून काढता येणार नाही का? काही बाबतीत येते, आणि तिथे गोळीच घ्यावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. आधीच्या पाहणीत ते 48 टक्के होतं. निम्म्याहून जास्त बायकांना रानभाज्यांचं व्याख्यान देऊन भागणार नाही. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ योजनेत गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक लाल गोळी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस मिळते. गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला एक निळी, त्याहून लहानांना गुलाबी. या गोळीच्या अपयशाच्या कथा जवळजवळ सगळ्या एकाच तऱ्हेच्या असतात. मळमळतं, शौच काळं होतं, बाई घाबरते आणि गोळ्यांची पाकिटं फळीवर राहतात. शौच काळं होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडणं, त्यात काळजीचं काही नाही. हे एक वाक्य गावातल्या आशा कार्यकर्तीने पहिल्याच दिवशी सांगितलं तर पुष्कळ पाकिटं वाचतात.

दुसरी गोष्ट चहाची. घरोघरी दिवस कोऱ्या चहाने उजाडतो आणि जेवणानंतरही तो लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांवर केलेल्या, 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पावातलं लोह पाण्याबरोबर जेवढं शोषलं गेलं त्याच्या साधारण एक-तृतीयांशच चहाबरोबर शोषलं गेलं. चहातलं टॅनिन जठरातच लोहाला पकडून ठेवतं. तेव्हा गोळी चहाबरोबर घेतली तर तिच्यातलं बरंचसं लोह वाया जातं. जेवण, गोळी आणि चहा यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवलं, भाकरी-कालवणावर लिंबू पिळलं किंवा तोंडात आवळ्याची फोड टाकली, तर तेच अन्न आणि तीच गोळी जास्त लागू पडते. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेलं ठेवतं. यात खर्च काहीच नाही, म्हणून बहुधा याची जाहिरातही होत नाही.

सरकारने गोळीच तांदळात मिसळायचा मार्ग मार्च 2024 पर्यंत देशभर लागू केला. रेशनच्या शंभर दाण्यांमागे एक दाणा बनवलेला: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात पाडलेला. हा दाणा सुपात ओळखू येतो. जरा पिवळट, कडा गुळगुळीत, धुताना कधी पाण्यावर तरंगणारा. त्यामुळे ‘रेशनला प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ ही आवई ठिकठिकाणी उठली आणि बायकांनी नेमका तोच दाणा वेचून फेकला. निवडण-टिपण काटेकोरपणे करणाऱ्या घरात ही योजना सुपातच संपते. जिथे दाणा पोटात जातो तिथला हिशेब असा: किलोमागे 28 ते 42.5 मिलीग्रॅम लोह, माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला साधारण पाच-सात मिलीग्रॅम. बाईची दिवसाची शिफारस आहे 29. मदत आहे, पण पुरती नाही. आणि ब-12 तर या वाटेने दिवसाला गरजेच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत मिळतं.

दुकानातल्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतल्या गोळ्या-पावडरींची गोष्ट निराळी. तिथे उणीव मोजलेली नसते, धाक घातलेला असतो. गाजर-पपई खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो म्हणून फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळीची चाचणी घेतली. 1994 साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पपईतून मिळणारं जे द्रव्य निरुपद्रवी, तेच वेगळं काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर घातक ठरलं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ज्याच्या रक्तात ते फारच कमी आहे त्याला त्याचा फायदा आहे, पण अमेरिकेतल्या 25,871 माणसांवरच्या पाच वर्षांच्या चाचणीत सरसकट सगळ्यांना रोज दिल्याने ना कर्करोग कमी झाला ना हृदयविकार. प्रोटीन पावडरी टाळा, असं तर राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्टच लिहिलंय. दोन वाट्या हुलग्याचं कालवण आणि एक अंडं यांच्यापुढे त्या डब्याची किंमत बघितली की मला तालुक्याच्या गावातल्या व्यायामशाळेतल्या पोरांची कीव येते.

याच बाजारात नागली परत आलीय, बिस्किटाच्या रूपाने. पाकिटावर कणसाचं चित्र असतं. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचावी. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं किंवा पामतेलाचं आणि नागली चौथ्या-पाचव्या जागी असेल, तर ते मैद्याचं बिस्कीट आहे. त्यापेक्षा राजूरचा पेढा परवडला. तो आपण गोड आहोत हे लपवत तरी नाही.

राहता राहिलं ब-12. हे जीवनसत्त्व कुठल्याही धान्यात, डाळीत, भाजीत नसतं; दूध, अंडी, मासे, मांस यांतच असतं. पुण्याच्या त्या सहा गावांत गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ते कमी होतं, आणि फॉलिक आम्ल मात्र जवळजवळ कुणाच्यातच कमी नव्हतं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं. ज्या आयांमध्ये ब-12 कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला सगळ्यांत जास्त विरोध दिसला. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. एवढ्यावरून लाल गोळी बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. तिच्यातलं लोह हवंच आहे आणि फॉलिक आम्लही. प्रश्न गोळीच्या जोडीला काय नाही, हा आहे. गोळी येते, ब-12 येत नाही. हवं असतं तेही किती थोडं: दिवसाला दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळतं, पेलाभर दुधातून जवळजवळ एक. डोंगरातल्या घरांत कोंबडी, मासे, खेकडे निषिद्ध नाहीत, म्हणून इथे ही उणीव शाकाहारी गावांपेक्षा कमी असायला हवी. पण जे वर्षातून मोजक्याच दिवशी शिजतं त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला एक पूर्ण गरम जेवण द्यायची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने 2015 साली सुरू केली, आणि राजूर प्रकल्पातल्या अंगणवाड्याही तिच्यात आल्या. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि उकडलेलं अंडं, अशी मांडणी. धान्य-डाळीची जोडी नीट बसवलेली आहे, हे मान्य करायला हवं. जी अंडं खात नाही तिच्यासाठी पर्यायही ठेवलेला आहे: केळं. उष्मांकांच्या तक्त्यात ही अदलाबदल सहज खपते, कारण दोन्हींचे आकडे फार लांब नाहीत. अंड्यात ब-12 अर्धा मायक्रोग्रॅम असतं. केळ्यात शून्य.